घरी मराठी, कविता कानडी



आधी एक कोडं घालते. आडनाव बेंद्रे. घरातलं बोलणं मराठी. कॉलेज पुण्याला. पुढं बारा वर्षं आपल्या सोलापुरात प्राध्यापक. तर सांगा, हे गृहस्थ कोणत्या भाषेतले मोठे कवी?

वर्गात मी हे विचारलं तेव्हा सगळ्यांनी एका दमात मराठी म्हणून सांगितलं. उत्तर चुकलं. दत्तात्रेय रामचंद्र बेंद्रे हे कानडीतले फार मोठे कवी होऊन गेले. कानडी मुलखात त्यांना वरकवी म्हणतात. वरकवी म्हणजे ज्याला कवितेचा वर मिळाला आहे असा कवी. आपण कानडी म्हणतो, ते लोक आपल्या भाषेला कन्नड म्हणतात. दोन्ही एकच. (छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात कन्नड नावाचा तालुका आहे, पण त्याचा इथं काही संबंध नाही. एकानं विचारलं म्हणून लिहिलं.)

मला हे नाव कसं कळलं ते सांगते. आमच्या आईचं माहेर विजापूरकडं, इंडी तालुक्यात. परवा संक्रांतीला मामा हुरड्याला आला होता. रानात पाखरं हाकताना तो मोठमोठ्यानं एक कविता म्हणायला लागला. काळ हा एक पक्षी आहे आणि तो युगं नि राज्यं मागं टाकत उडत चालला आहे, अशी ती कविता. शाळेत असताना पाठ केलेली, अजून जशीच्या तशी येते म्हणाला. मी कवीचं नाव विचारलं. बेंद्रे म्हटल्यावर मला वाटलं मामा थट्टा करतोय. बेंद्रे तर आपल्याकडचं आडनाव! मग शाळेत येऊन गुरुजींना विचारलं. गुरुजींनी बरंच सांगितलं, वाचायलाही दिलं. त्यातून हे लिहिलं आहे.

बेंद्र्यांचा जन्म 31 जानेवारी 1896 रोजी धारवाडला झाला. म्हणजे पाच दिवसांनी त्यांची जयंती आहे. वडील रामचंद्रपंत, आईचं नाव अंबिका. घरात संस्कृत जाणणारी माणसं होती, पण पैसा नव्हता. त्यात वडील लवकर वारले. घरातल्या बायकांनी कष्ट केले, काकांनी शिक्षणाला आधार दिला आणि मुलगा शिकला. 1913 साली तो मॅट्रिक पास झाला. त्या काळी मॅट्रिक होणं म्हणजे गावात मिरवणूक निघावी एवढी गोष्ट.

आता त्या वेळचं धारवाड कसं होतं ते कळलं पाहिजे, नाहीतर पुढची गंमत कळणार नाही. धारवाड तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. त्याच्या आधी पेशवाई. त्यामुळं कचेरीत मराठी आणि शिकल्यासवरल्यांच्या तोंडीही मराठी. इंग्रज सरकारनं सुरुवातीला शाळा काढल्या त्या मराठीच. ज्या पोराच्या घरी दिवसभर कानडी, त्यानं शाळेत यायचं ते मराठीतून धडा वाचायला. निम्मं कळायचं, निम्मं डोक्यावरून जायचं. डेप्युटी चन्नबसप्पा म्हणून शिक्षण खात्यातले एक अधिकारी होते. कानडी मुलांना कानडीतून शिकवा म्हणून त्यांनी जिवाचं रान केलं आणि कानडी शाळा वाढवल्या. 1890 साली रा. ह. देशपांडे यांनी धारवाडात कर्नाटक विद्यावर्धक संघ काढला, तोही कानडी भाषेची पुस्तकं वाढावीत यासाठीच. बेंद्रे जन्मले ते यानंतर सहा वर्षांनी.

कानडी बोलणारी माणसं तरी तेव्हा एका ठिकाणी कुठं होती? काही मुंबई इलाख्यात, काही मद्रास इलाख्यात, काही निजामाच्या हैदराबाद राज्यात, काही म्हैसूरच्या राजाकडं, काही कोडगूमध्ये. भाषा एक आणि सरकारं पाच. आणि भाषा काही कालची नाही. इसवी सन 850 च्या सुमाराचा कविराजमार्ग नावाचा कानडी ग्रंथ आजही आहे. तो राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळातला. ज्या राष्ट्रकूटांनी वेरूळचं कैलास लेणं कोरलं, तेच हे राष्ट्रकूट. त्या ग्रंथात कानडी मुलूख कावेरीपासून गोदावरीपर्यंत असल्याचं सांगितलं आहे. गोदावरीपर्यंत! म्हणजे आपलं गाव त्याच्या आतच येतं. भारत सरकारनं कानडीला 2008 साली अभिजात भाषा म्हणून मान दिला. आपल्या मराठीला तो 2024 साली मिळाला.

तर मॅट्रिकनंतर दत्तात्रेय पुण्याला आला. धारवाडला तेव्हा कॉलेजच नव्हतं, कर्नाटक कॉलेज निघालं ते 1917 साली. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात तो 1918 पर्यंत शिकला आणि पदवी घेतली. विचार करा. घरची भाषा मराठी. राहायला पुण्यासारख्या ठिकाणी. आजूबाजूला मराठी कवी, मराठी मासिकं, मराठी नाटकं. हा मुलगा मराठी कवी व्हायला काय अडचण होती? काहीच नव्हती. सोपी वाट तीच होती. पण तो गाडीत बसून धारवाडला परत आला, व्हिक्टोरिया हायस्कुलात मास्तर झाला आणि कानडीत कविता करू लागला. 1918 मध्येच त्यांची कविता मासिकात छापून आली.

मला वाटतं, याचं कारण धारवाडच्या गल्लीत आहे. घराच्या उंबऱ्याच्या आत मराठी होती, पण उंबरा ओलांडला की सगळी कानडी. दळताना बायका म्हणायच्या त्या ओव्या कानडी, बाजारातली घासाघीस कानडी, खेळातली भांडणं कानडी, भिक्षेकऱ्याचं गाणं कानडी. लहानपणी कानात जे पडलं ते त्यांनी टाकून दिलं नाही. ते कानडी लिहायला लागले ते पुस्तकातलं जड कानडी नव्हे. धारवाडकडच्या खेड्यात जसं बोलतात तसंच त्यांनी कवितेत आणलं. तोवर छापील कवितेत ही बोली फारशी येत नव्हती. आपल्या बहिणाबाईंच्या गाण्यात खानदेशातलं बोलणं आहे ना, तसं समजा. म्हणून माझ्या मामासारख्या शेतकऱ्याच्या तोंडात त्यांची कविता बसते. बेंद्र्यांच्या कविता नुसत्या वाचायच्या नाहीत, म्हणायच्या. त्यात ताल आहे, लावणीची नि लोकगीताची चाल आहे.

त्यांनी टोपणनाव घेतलं अंबिकातनयदत्त. नाव लांबलचक आहे, पण फोडून बघा. अंबिका म्हणजे आई. तनय म्हणजे मुलगा. दत्त म्हणजे स्वतः दत्तात्रेय. अंबिकेचा मुलगा दत्त. आपण नाव लिहितो तेव्हा मधे वडिलांचं नाव लिहितो. यांनी कवितेखाली आईचं नाव घातलं, आणि तेही आधी. आई मराठी बोलणारी, कविता कानडी, आणि सही आईच्या नावाची.

धारवाडात 1922 च्या सुमारास बेंद्र्यांभोवती तरुण लेखकांचा एक मेळा जमला. त्याला गेळेयर गुंपू म्हणत, म्हणजे दोस्तांची टोळी. रात्र रात्र कविता वाचायच्या, वाद घालायचे, मासिक चालवायचं. या टोळीतले वि. कृ. गोकाक पुढं स्वतः मोठे कवी झाले. 1926 साली बेंद्र्यांनी नाडहब्ब सुरू केला. नाड म्हणजे आपला मुलूख, हब्ब म्हणजे सण. नवरात्रात भाषेचा नि मुलखाचा उत्सव करायचा. आपल्याकडं लोकमान्यांनी गणपती चौकात आणला, तशातलाच हा प्रकार म्हणावा. पाच सरकारांत वाटल्या गेलेल्या लोकांना आपण एक आहोत हे कळावं म्हणून.

आणि मग 1932 साल आलं. त्यांच्या एका कवितेचं नाव होतं नरबली. इंग्रज सरकारला त्यात राजद्रोह दिसला. कवीला तुरुंगात टाकलं. नंतर धारवाडजवळच्या मुगद नावाच्या खेड्यात नजरकैदेत ठेवलं. कवितेसाठी कैद! मास्तराची नोकरी गेली. सरकारची वक्रदृष्टी झालेल्या माणसाला कोण कामावर ठेवणार? घरात खाणारी तोंडं, आणि मिळकत नाही. पुढची बरीच वर्षं ओढाताणीत गेली. तरी याच काळात त्यांची एकामागून एक पुस्तकं आली आणि 1935 साली ते एम. ए. झाले. तेव्हा त्यांचं वय एकोणचाळीस होतं. आमच्यातले काहीजण सातवीतच दमलेत, ते सोडा.

एक गोष्ट लिहू की नको असं झालं होतं. गुरुजी म्हणाले लिही. बेंद्र्यांना नऊ मुलं झाली. त्यांतली तीनच जगली. पांडुरंग, वामन हे दोन मुलगे आणि मंगला ही मुलगी. बाकीची सहा लहानपणीच गेली. त्या काळी औषधपाणी आजच्यासारखं नव्हतं. मूल हातातून जात असताना बायको आपल्याकडं ज्या नजरेनं बघते ती नजर सोसवत नाही, अशी त्यांची एक कविता आहे. मामानं ती मला सांगायला घेतली आणि अर्ध्यावरच थांबला. आई चुलीपुढं बसली होती. तिला ती सगळी पाठ होती हे आम्हाला त्या दिवशी कळलं. तिनं पुढची म्हटली. आमच्या आईला कविता येते हे मला तेरा वर्षांत माहीत नव्हतं.

इथं माझं एक सांगून टाकते. चौथीत असताना आई मला न्यायला शाळेत आली आणि सवयीनं माझ्याशी कानडीत बोलली. तेव्हापासून काही मुलं मला इल्ला इल्ला म्हणून चिडवायची. इल्ला म्हणजे नाही. मी घरी जाऊन आईला सांगितलं की शाळेत येऊ नको, आलीस तर कानडी बोलू नको. आई काही बोलली नाही. ती आलीच नाही परत. यंदा झेंडावंदनाला मीच तिला या म्हटलं आहे. या ओळी ती वाचेपर्यंत आली असेल.

पुढं चला. 1943 साली शिवमोग्ग्याला कानडी साहित्य संमेलन भरलं, त्याचे अध्यक्ष बेंद्रे होते. मराठी घरातला माणूस कानडी संमेलनाचा अध्यक्ष! त्याच वर्षी कालिदासाचं मेघदूत त्यांनी कानडीत आणलं. 1944 साली ते सोलापूरला आले आणि डी. ए. व्ही. कॉलेजात प्राध्यापक झाले. तिथं 1956 पर्यंत राहिले. सोलापूर त्यांना परकं वाटलं नसणार. तिथल्या बाजारात एका दुकानाच्या पायरीवर मराठी, कानडी, तेलुगू नि उर्दू चारही ऐकू येतात. अक्कलकोटकडं तर अर्धा बाजार कानडीत चालतो. आपल्या जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या कानडी माध्यमाच्या शाळासुद्धा आहेत, हे आमच्या वर्गातल्या कित्येकांना माहीत नव्हतं.

1956 साली भाषेप्रमाणं राज्यं झाली. 1 नोव्हेंबरला धारवाड म्हैसूर राज्यात गेलं (1973 पासून त्याचं नाव कर्नाटक), आणि सोलापूर इकडं राहिलं. त्याच वर्षी बेंद्रे सोलापूर सोडून धारवाडला गेले आणि तिथल्या आकाशवाणी केंद्राचे सल्लागार झाले. हद्दीवरून दोन राज्यांत तंटा झाला आणि तो अजून मिटलेला नाही. मोठी माणसं त्यावर बोलतात, आम्ही लहान. पण एवढं लिहिते की 2011 च्या शिरगणतीत महाराष्ट्रात सुमारे 10 लाख लोकांनी आपली मातृभाषा कानडी सांगितली आणि कर्नाटकात सुमारे 20 लाखांनी मराठी. रेघ कुठंही मारली तरी थोडी माणसं पलीकडं राहणारच.

त्यांच्या एका पुस्तकाची गंमत सांगते. 1957 साली आलं, नाव अरळु मरळु. कानडीत म्हण आहे की साठी आली की अरळु मरळु, म्हणजे माणूस चळतो. आपल्याकडं साठी बुद्धी नाठी म्हणतात तेच. बेंद्रे नुकतेच साठीचे झाले होते. लोकांनी म्हणायच्या आधी स्वतःच ते नाव ठेवून मोकळे झाले! पण त्यात खोच आहे. अरळु म्हणजे फुलणं आणि मरळु म्हणजे परत. म्हणजे परत फुलणं. लोक ज्याला चळणं म्हणतात त्याला हे परत फुलणं म्हणतात. या पुस्तकाला 1958 साली साहित्य अकादमीचं बक्षीस मिळालं. शब्द असे उलटेसुलटे करून बघायचा त्यांना नादच होता. आकड्यांचाही होता, म्हातारपणी तर आकड्यांत फारच रमले. ते मला काही समजलं नाही आणि गुरुजीही म्हणाले की तो भाग राहू दे.

त्यांनी मराठी सोडून दिली असं मात्र समजू नका. मराठीतही लिहिलं. संवाद नावाचं त्यांचं मराठी पुस्तक आहे, त्याला 1965 साली केळकर पारितोषिक मिळालं. 1968 साली पद्मश्री मिळाली. नाकु तंति, म्हणजे चार तारा, या 1964 सालच्या कवितासंग्रहासाठी त्यांना 1973 सालचा ज्ञानपीठ पुरस्कार मिळाला. तो त्यांना नि ओडिया लेखक गोपीनाथ महांती यांना मिळून होता. मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळालं ते त्याच्या पुढच्या वर्षी, 1974 चं, वि. स. खांडेकरांना. म्हणजे मराठी घरात ज्ञानपीठ आलं ते आधी कानडीतून आलं.

आणि हे एकटेच नव्हेत. कानडीला आजवर आठ ज्ञानपीठं मिळाली. त्यांतल्या मास्ती वेंकटेश अय्यंगारांच्या घरची भाषा तमिळ. गिरीश कर्नाडांच्या घरची कोंकणी, आणि त्यांचा जन्म आपल्या माथेरानचा. या कर्नाडांनीच 1972 साली बेंद्र्यांवर माहितीपट काढला. उलट बाजूनं बघायचं तर भीमसेन जोशी गदगचे, घरी कानडी. पण आषाढीला आपल्या गावात त्यांच्या अभंगांशिवाय भोंगा लागत नाही. आणि विठोबा? त्याला तर संतांनीच कानडा म्हटलं आहे. कानडीतले पुरंदरदास आपल्या पदांच्या शेवटी सही म्हणून विठ्ठलाचंच नाव घालत.

बेंद्रे धारवाडच्या साधनकेरी भागात राहत. तिथं तळं आहे. डोक्याला पटका, अंगात कोट, असे त्यांचे फोटो आहेत. त्यातला एक बघून मी वर चित्र काढलं आहे, नाक जरा मोठं झालं आहे. ऑक्टोबर 1981 मध्ये मुंबईला ते वारले. वय पंच्याऐंशी होतं. जन्म धारवाडचा, शिक्षण पुण्याचं, नोकरी सोलापूरची, शेवट मुंबईचा. नकाशावर मी या चार गावांना टिंबं दिली आहेत, बघा. साधनकेरीत आता त्यांचं स्मारक आहे. गुरुजी म्हणाले, सहलीचं पुढच्या वर्षी बघू.

शेवटी एक काम. आपण रोज बोलतो त्यातले कितीतरी शब्द कानडीतले किंवा कानडीशी सोयरीक असलेले आहेत असं जाणकार सांगतात. अण्णा, अक्का, अप्पा, तूप, अडकित्ता, हुडकणे. ज्यांच्या घरी कानडी बोलतात त्यांना आणखी पुष्कळ माहीत असतील. या लेखाच्या खाली कोरा कागद चिकटवला आहे आणि दोऱ्यानं पेन बांधलं आहे. पालकांनीही लिहावं. पहिला शब्द अव्वा, म्हणजे आई, हा मी लिहून ठेवला आहे. पेन कोणी नेऊ नये.

इयत्ता सातवी